सुटंल, का सोडवाल?



आजकाल कुठल्याही बैठकीला जा, एक इंग्रजी शब्द हमखास कानावर येतो. सॉल्व्हेबल. बोंडअळीचा प्रॉब्लेम सॉल्व्हेबल आहे, पाण्याचा सॉल्व्हेबल आहे, भावाचासुद्धा तसा सॉल्व्हेबलच आहे. साहेब बोलतात, माना हलतात, चहा येतो, बैठक संपते. शब्द मोठा सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला धीर येतो आणि बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही.

दुसऱ्याला नावे कशाला ठेवू? मी स्वतः हा शब्द कित्येक वर्षे वापरला. परभणीहून कृषीची पदवी घेऊन आलो तेव्हा असे बरेच शब्द पिशवीत होते. २०१७ सालच्या नोव्हेंबरात भोकरदन तालुक्यातल्या एका गावात आम्ही पारावर बसून बोंडे फोडत होतो. वरून बोंड हिरवेगार, आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी. मी म्हणालो, घाबरू नका, हा प्रॉब्लेम सॉल्व्हेबल आहे. ओट्यावरच्या एका आजीने विचारले, म्हंजी काय रं बाबा? मी सांगितले, म्हणजे सुटण्यासारखा आहे. ती म्हणाली, "आपुआप सुटंल म्हणतो, का कुणी सोडवाल म्हणतो?"

मला उत्तर देता आले नाही. त्या शब्दात सोडवणारा माणूसच नाही. आपल्या बोलीत 'सुटते' आणि 'सोडवतो' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. दुसरे वापरले की लगेच विचारावे लागते, कोण सोडवतो?

बैलाच्या दाव्याला गाठ मारणाऱ्याला हे शिकवायला नको. सुरगाठ एक टोक ओढले की सुटते. निरगाठीला नखे लागतात, दात लागतात, कधी दोघे लागतात. दोन्ही 'सुटण्यासारख्या'च. खरिपाच्या ज्वारीवरची खोडमाशी बरीचशी सुरगाठ आहे. पाऊस पडल्यावर पेरणी लांबवू नका, उशीर झालाच तर बियाण्याला प्रक्रिया करा आणि बी थोडे जास्त टाका. हे एकट्या माणसाच्या हातात आहे. शेजाऱ्याने केले नाही म्हणून तुमची ज्वारी सगळीच्या सगळी जात नाही.

बोंडअळीचे तसे नाही. उपाय लपलेले नाहीत. मेमधली धूळपेरणी टाळायची. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचा विचार करायचा. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करायच्या. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, फरदड ठेवायची नाही. पण पतंग बांध ओळखत नाही. मी उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत ठेवली, तर माझ्या पुढच्या पिकाची अळी त्याच्या रानात वाढते.

आता शेजारी फरदड का ठेवतो? अडाणी आहे म्हणून? मी अडाणी म्हणणाऱ्यांच्या जमातीतलाच होतो, म्हणून सांगतो. त्याच्याकडे उधारी थकलेली असते, विहिरीला थोडे पाणी उरलेले असते, आणि झाडावर पंचवीस बोंडे दिसत असतात. ती त्याला रोख पैशासारखी दिसतात. पुढच्या वर्षीच्या अळीचा हिशेब त्याला आज कोणी पैशात देत नाही. तो हिशेब द्यायचा कोणी? हा प्रश्न कीटकशास्त्राच्या पुस्तकात नाही.

आपल्या जुन्या वैद्यकाने रोगाचे चार प्रकार केले होते: सुखसाध्य, कष्टसाध्य, याप्य आणि असाध्य. याप्य म्हणजे औषध आणि पथ्य चालू आहे तोवर आटोक्यात राहणारा, सोडले की उलटणारा. बोंडअळी याप्य आहे. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले, आणि पुष्कळांना वाटले, सुटला प्रश्न. दहा-अकरा वर्षांत अळीने त्यालाही दाद देणे बंद केले. सॉल्व्हेबल म्हटले की एकदा सोडवून मोकळे होता येईल असे वाटते. याप्य म्हटले की पथ्य दरवर्षी करावे लागेल, हे आधीच कळते.

२०१७ च्या डिसेंबरात सरकारने कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर केले. आकडा मोठा होता. त्यात आपत्ती निधी, पीकविमा आणि बियाणे कंपन्या असे तीन हात मोजले होते. तीन हात म्हणजे कोणत्या हाताला धरायचे, हे शेतकऱ्याने ठरवायचे. कोणाच्या पासबुकात किती आले ते ज्याचे त्याने पाहिले आहे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मी नुसता रडगाणे गातो असे व्हायचे. आपल्याच जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सोबतीने काम सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नाला अडवणे, पुढे शेततळी. त्या कार्यक्रमात अट अशी की गावाने आधी श्रमदान करायचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. म्हणजे पाणी येण्याआधी सोडवणारा ठरला. २०१२ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हा कडवंचीत द्राक्षाचे वेल उभे होते. पाऊस दोन्हीकडे अपुराच होता. हे सगळ्या गावांना जसेच्या तसे जमेल असे मी म्हणत नाही. जमिनीचा उतार, गावातली एकी, मदतीचा पैसा, सगळे जुळावे लागते.

म्हणून जिल्हा बैठकीत मी एक सूचना मांडणार आहे. या वर्षी कोणत्याही ठरावात 'सुटण्यासारखा' किंवा त्याचा इंग्रजी भाऊ येऊ नये. फरदडीचा ठराव असेल तर त्यात कोणत्या शिवारात, कोणत्या तारखेला पऱ्हाटी निघेल, आणि शेवटच्या वेचणीचे नुकसान गावाने मिळून किती सोसायचे, हे लिहावे. नाव लिहायला तयार नसाल तर ठरावच करू नये. कागद वाचेल.

त्या आजीने त्या वर्षी नाताळाच्या आत आपली दोन एकर पऱ्हाटी उपटली. बांधापलीकडच्या पुतण्याने फेब्रुवारीपर्यंत ठेवली. दोघांचे बोलणे पुष्कळ दिवस बंद होते. पुढच्या हंगामात सापळे आणायला मात्र दोघे एकाच मोटारसायकलवर आले. पैसे कोणी दिले, ते मी विचारले नाही.