सर्दीची गोळी आणि रजेचा हक्क

पावसाळा सुरू झाला की नाक वाहणारा हमाल औषधाच्या दुकानात जातो, 'एखादी जोरदार गोळी द्या' म्हणतो, आणि अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या चिठ्ठीवाचून त्याच्या हाती पडतात. वास्तविक सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके मारतात जिवाणूंना. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, ही समजूतही खोटी आहे. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र गोळीला मिळते.

यावर शहाण्या मंडळींचे निदान ठरलेले : जनता अडाणी आहे, तिचे प्रबोधन करा! आम्हांला हे निदान मान्य नाही. एका दिवसाची हजेरी बुडाली की ज्याची चूल विझते, त्याला विश्रांतीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. न मिळालेली रजाच तो गोळीच्या रूपाने विकत घेत असतो. सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही, खाजगी डॉक्टरची फी परवडत नाही. मग दुकानदार हाच त्याचा धन्वंतरी!

परंतु या सौद्याची किंमत भयंकर आहे. अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतात, असा इशारा पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. धनिकांना महागडी पर्यायी औषधे मिळतील. पण हमालाच्या मुलाला उद्या न्यूमोनिया झाला आणि स्वस्त औषध निरुपयोगी ठरले, तर त्याने कोणाच्या दारी जावे? देशात प्रतिजैविके बनावीत म्हणून १९५४ साली पिंपरीस सरकारी कारखाना उभा राहिला. लोकांच्या पैशाने उभारलेले ते बळ आपण शिंकांवर उधळीत आहोत.

चिठ्ठीशिवाय विक्रीस कायद्याने बंदी आहे. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचे बंधनही १ मार्च २०१४ पासून आहे. त्याची अंमलबजावणी झालीच पाहिजे. मात्र डॉक्टर न देता केवळ दुकानदाराचा हात धरला, तर शिक्षा पुन्हा गरिबालाच होईल. म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत सर्दीचे सत्य सांगावे, धाप लागली वा ताप हटेना तर रुग्णास डॉक्टरकडे न्यावे, आणि त्याच दमात असंघटित कामगारांस आजारपणाची पगारी रजा व प्रत्येक सरकारी दवाखान्यात हजर डॉक्टर मागावा. रजेवाचून केलेले प्रबोधन हे पोटभरल्यांचे प्रवचन ठरेल.