नऊ वर्षांच्या पोराला काय दाखवले?



गेल्या रविवारी थोरल्या मुलाने घरी एक इंग्रजी चित्रपट लावला. नाव 'ब्रोकबॅक माउंटन', साल २००५. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे असे त्याने आधीच सांगितले, तेव्हा आम्ही जरा अवघडलोच. चित्रपट मोठ्यांसाठीच आहे, म्हणून नातवंडे झोपल्यावर पाहिला. संपला तेव्हा घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातली, १९६३ साली सुरू होणारी. एनिस आणि जॅक ही दोन गरीब पोरे एका मालकाच्या मेंढ्या डोंगरावर राखायच्या मजुरीवर लागतात. तिथल्या थंडीत, तंबूत त्यांचा एकमेकांवर जीव जडतो. हंगाम संपतो. मजुरी घेऊन दोघे आपापल्या वाटेने जातात. दोघांची लग्ने होतात, मुले होतात. चार वर्षांनी पुन्हा गाठ पडते आणि पुढे वर्षानुवर्षे 'मासे धरायला जातो' असे घरी सांगून ते डोंगरात भेटत राहतात.

जॅक म्हणतो, लहानसे रान घेऊ, गुरे पाळू, एकत्र राहू. एनिस नाही म्हणतो. का? तो नऊ वर्षांचा असताना बापाने त्याला आणि त्याच्या भावाला मुद्दाम नेऊन एक प्रेत दाखवले होते. तो माणूस दुसऱ्या पुरुषाबरोबर राहत होता, म्हणून त्याला हालहाल करून मारले होते. हे काम बापानेच केले असेल, असा एनिसला संशय आहे. एकाला मारायचे आणि बाकीच्यांना ते दाखवायचे, म्हणजे सगळे मान खाली घालून चालतील, ही रीत आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको.

ही नुसती कल्पना नव्हे. अॅनी प्रू या लेखिकेची मूळ कथा १९९७ साली छापून आली. त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याच वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या २१ वर्षांच्या समलिंगी विद्यार्थ्याला मारहाण करून कुंपणाला बांधून टाकले. तो दवाखान्यात वारला.

चित्रपटात शेवटी जॅक मरतो. टायर फुटून अपघात झाला, असे त्याची बायको फोनवर सांगते. एनिसच्या डोळ्यांपुढे मात्र त्याला मारणारी माणसे येतात. खरे काय, ते दिग्दर्शक अँग ली उघड करत नाही. जॅकच्या आईबापाच्या घरी एनिसला दोन जुने सदरे सापडतात, एकात एक घातलेले. एक जॅकचा, एक त्याचा स्वतःचा, डोंगरावरच्या त्या पहिल्या हंगामातला. जॅकची म्हातारी आई काही विचारत नाही. ती ते सदरे कागदी पिशवीत घालून त्याच्या हाती देते. तिथे आमचे डोळे भरून आले.

पण मुलाची आई म्हणाली, "त्या पोरांचे दुःख खरे. पण त्या अल्माचा काय गुन्हा?" अल्मा म्हणजे एनिसची बायको. दुकानात राबते, दोन मुली सांभाळते, नवऱ्याला त्या मित्राच्या मिठीत बघते आणि वर्षानुवर्षे गप्प राहते. मासे धरायचे सामान घरी परत येते तेव्हा त्यावर किमतीची चिठ्ठी तशीच असते. तिला सगळे कळते. बोलायचे कोणाजवळ?

या प्रश्नाने आम्ही खाली मान घातली. काही वर्षांपूर्वी नात्यातला एक मुलगा लग्नाला नको नको म्हणत होता. बैठक बसली. 'लावून टाका, आपोआप सुधारेल' असे ठरले. आम्हीही मान डोलावली. पोराला बाजूला घेऊन 'बाबा, तुझ्या मनात काय आहे' असे एकानेही विचारले नाही. वर्षाच्या आत सून माहेरी गेली. पोर गाव सोडून गेले. लग्नाचे कर्ज बाप अजून फेडतो आहे.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दोन प्रौढ माणसांचे संमतीचे असे संबंध हा गुन्हा नाही. त्या निकालात न्यायमूर्तींनी संवैधानिक नीतीचा आधार घेतला. याच संवैधानिक नीतीविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले होते. बहुसंख्यांना काय आवडते यापेक्षा संविधानाची मूल्ये मोठी, असे न्यायालयाने म्हटले.

पण मनात बसलेली भीती निकालाने जात नाही. ती घरात शिकवली जाते आणि घरातच काढावी लागते. म्हणून आयाबापांना आमची विनंती आहे. लग्न हे औषध नव्हे. आपल्या पोराला बरे करायला दुसऱ्याची पोर वापरू नका. वेगळ्या चालीच्या मुलाची चाळीत टिंगल चालते, तेव्हा हसू नका. शेजारी आपली नऊ वर्षांची पोरे उभी असतात. आपण काय करतो, ते ती बघत असतात.