अंथरूण पाहून लेन्स पसरा

टेलिकन्व्हर्टर लावला की लेन्सचा ‘रीच’ वाढतो, पण ऑटोफोकस रुसतो. बिघाड कॅमेऱ्यात नसतो, गणितात असतो. आणि हे गणित दुकानात कार्ड स्वाइप करण्याआधीच करता येतं!

भिगवणच्या फ्लेमिंगोंनी पुण्या-मुंबईच्या किती आयटीवाल्यांना फोटोग्राफर बनवलंय, याची मोजदाद करायला बसलं तर ती संपायच्या आत उजनी आटेल! हिवाळा आला की शनिवारी पहाटे चारला गाड्या सोलापूर हायवेला लागतात. सातला होडी पाण्यात आणि सव्वासातला पहिला साक्षात्कार होतो, तो म्हणजे पक्षी फार लांब आहेत. आपल्या २०० किंवा ३०० एमएमच्या लेन्समधून फ्लेमिंगो म्हणजे नुसता गुलाबी ठिपका. मग सुरू होते ‘रीच’ची तहान. ५०० किंवा ६०० एमएमच्या मोठ्या प्राइम लेन्सची किंमत ऐकली की आधी होम लोनचा हप्ता आठवतो. अशा वेळी ग्रुपमधला एखादा जाणकार हळूच कानात सांगतो, ‘अरे, टेलिकन्व्हर्टर घे ना!’

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. उरलेला अर्धा आज आपण बघू.

चौथ्या सीटचा फंडा

टेलिकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारं भिंगांचं छोटंसं नळकांडं. कॅनन त्याला एक्स्टेंडर म्हणतं. बाजारात तो प्रामुख्याने दोन मापांत मिळतो, १.४ एक्स आणि २ एक्स. ३०० एमएमच्या लेन्सला १.४ एक्स लावला की ती ४२० एमएमची होते, २ एक्स लावला की थेट ६०० एमएमची. खिशात मावणाऱ्या वस्तूनं हे होत असेल तर स्वस्तात मस्त सौदाच की!

पण लोकलच्या तीनजणांच्या बाकावर चौथा बसतो, तेव्हा बाक लांब होत नाही, प्रत्येकाच्या वाट्याची जागा कमी होते. कन्व्हर्टरचंही तसंच. लेन्समध्ये शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो. कन्व्हर्टर मधलं चित्र ताणून मोठं करतो आणि तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. १.४ एक्सला एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा. २ एक्सला दोन स्टॉप जातात, म्हणजे प्रकाश पाव.

हिशेब सोपा आहे. लेन्सवर लिहिलेल्या सगळ्यात लहान एफ-नंबरला कन्व्हर्टरच्या आकड्यानं गुणा. एफ/२.८ला २ एक्स लावला की एफ/५.६. एफ/४ला १.४ एक्स लावला की एफ/५.६. एफ/५.६ला १.४ एक्स लावला की एफ/८ आणि २ एक्स लावला की एफ/११. लोकप्रिय १५०-६०० एमएम झूम लांबच्या टोकाला एफ/६.३च्या असतात, तिथं १.४ एक्स लावला की साधारण एफ/९. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यांच्याभोवती आहे.

कॅमेऱ्याचे दोन डोळे

आता मुख्य तक्रार. कन्व्हर्टर लावला, शटर बटण अर्धं दाबलं आणि लेन्स सुरू झाली, ‘झूं... झूं...’. जवळून लांब, लांबून जवळ, पण थांबायचं नाव नाही. यालाच फोटोग्राफर मंडळी ‘हंटिंग’ म्हणतात. काही कॅमेऱ्यांमध्ये तर लेन्स हलतच नाही, कॅमेरा सरळ असहकार पुकारतो. तेवढ्यात ऑस्प्रे मासा घेऊन उडून जातो. मग सुरू होतात सर्व्हिस सेंटरच्या चकरा आणि तिथून उत्तर येतं, ‘कॅमेरा ठीक आहे.’ तो खरंच ठीक असतो!

डीएसएलआरमध्ये आरशामागे एक छोटा दुसरा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या ऑटोफोकस सेन्सरकडे पाठवतो. हा सेन्सर आपल्या दोन डोळ्यांसारखा काम करतो. लेन्सच्या एका कडेनं आलेलं चित्र आणि विरुद्ध कडेनं आलेलं चित्र तो ताडून बघतो. दोन्ही एकमेकांवर जुळली की फोकस झाला. जुळली नाहीत तर किती सरकलीत आणि कुठल्या बाजूला, यावरून लेन्स कुठं न्यायची ते त्याला एका दमात कळतं. म्हणून तर चांगला डीएसएलआर डोळ्याचं पातं लवायच्या आत फोकस पकडतो.

पण हे दोन डोळे एका ठरावीक अंतरावर बसवलेले असतात. बहुतेक डीएसएलआरमध्ये ते एफ/५.६ एवढ्या प्रकाशाच्या वर्तुळाच्या कडांमधून बघतात. तुमची जोडी एफ/८ची झाली की ते वर्तुळ आक्रसतं आणि डोळ्यांसमोर लेन्सच्या आतली काळी कड येते. दोन्ही डोळ्यांवर हात ठेवून ‘बघ बरं’ म्हटल्यासारखं होतं. म्हणजे मामला फक्त कमी उजेडाचा नाही. टळटळीत उन्हातसुद्धा एफ/८ला साध्या बॉडीचा ऑटोफोकस भरवशाचा राहत नाही.

इथं एक गैरसमज मिटवू या. ‘मी तर नेहमी एफ/८लाच फोटो काढतो, तेव्हा फोकस होतो की!’ बरोबर, कारण फोकस करताना कॅमेरा लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवतो आणि तुम्ही क्लिक केल्यावरच ते एफ/८पर्यंत बारीक करतो. कन्व्हर्टर लावल्यावर मात्र पूर्ण उघडलेलं तोंडच एफ/८चं असतं.

कुठल्या बॉडीला काय झेपतं?

वर्षानुवर्षं एफ/८ला फोकस करणं ही कॅननच्या १डी मालिकेसारख्या महागड्या बॉडींची मिरासदारी होती, तीही बहुधा फक्त मधल्या पॉइंटवर. मग चित्र पालटलं. निकॉनच्या डी ४नं २०१२मध्ये एफ/८ची सोय दिली, २०१३मध्ये डी ७१००सारख्या आवाक्यातल्या बॉडीतही ती आली. कॅननच्या ५डी मार्क ३ला एप्रिल २०१३मध्ये फर्मवेअर अपडेटनं ही सवलत मिळाली. २०१४च्या ७डी मार्क २मध्ये मधला पॉइंट एफ/८ला चालतो. हे सगळे कॅमेरे आज सेकंडहँड बाजारात दिसतात, म्हणून ही यादी कामाची. पण २ एक्स लावून एफ/११वर गेलात तर यातला कुणीच व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकसची हमी देत नाही.

मिररलेसनं हा खेळच बदलला. तिथं फोकस थेट मुख्य सेन्सरवर होतो, तळाशी बसलेला वेगळा मॉड्यूल नाहीच. कॅननचा ईओएस आर २०१८मध्ये एफ/११पर्यंत फोकस करू लागला आणि २०२०चे आर ५ आणि आर ६ थेट एफ/२२पर्यंत पोहोचले. त्याच वर्षी कॅननने ८०० एमएमची एफ/११ लेन्स आणली. तिला २ एक्स लावला तर १६०० एमएम, एफ/२२ आणि तरीही ऑटोफोकस चालू! डीएसएलआरवाल्यांना हे ऐकून मत्सर वाटणं साहजिक आहे. पण फुकट काहीच नाही. अशा जोडीला चौकटीच्या मधल्याच भागात फोकस मिळतो, आणि सूर्य ढगाआड गेला की तिथंही लेन्स घुटमळते.

फोकस झाला तरी...

समजा, तुमचं गणित एफ/५.६वर बसलं आणि ऑटोफोकस चालतोय. तरी तो आधीसारखा चपळ राहत नाही. कॅननच्या ईएफ एक्स्टेंडरमध्ये तर लेन्सची फोकसची गती मुद्दामच कमी केली जाते, १.४ एक्सला ५० टक्क्यांनी आणि २ एक्सला ७५ टक्क्यांनी. अचूकता टिकावी म्हणून. झाडावर बसलेल्या घुबडाला याचा फरक पडत नाही, पण अंगावर येणाऱ्या ससाण्यासाठी ही गती फार कमी.

शिवाय कन्व्हर्टर चित्राबरोबर चुकाही मोठ्या करतो. लेन्स जरा पुढे-मागे फोकस करत असेल तर एरवी खपून जाणारी ती चूक आता ठळक दिसते. आणि प्रकाशाची भरपाई करावीच लागते. १/१००० सेकंद, एफ/५.६, आयएसओ ८०० हे तुमचं सकाळचं सेटिंग असेल, तर त्याच शटर स्पीडला १.४ एक्सवर आयएसओ १६०० आणि २ एक्सवर ३२०० लागेल.

टेपचा जुगाड

‘कन्व्हर्टरच्या काही पिनांवर सेलोटेप लाव, कॅमेऱ्याला कळतच नाही!’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. जुन्या कॅनन डीएसएलआरवाल्यांमध्ये तो भलताच लोकप्रिय होता. यात होतं काय, तर कन्व्हर्टर लागलाय हे कॅमेऱ्याला समजत नाही, म्हणून तो असहकार सोडून प्रयत्न करतो. भर उन्हात, ठळक कडा असलेल्या विषयावर कधी कधी जमतंही. पण डोळ्यांवरचा हात निघालेला नसतो, फक्त पाटी उतरवलेली असते. संध्याकाळी पुन्हा ‘झूं झूं’ आणि फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ आणि एफ-नंबर चुकीचे. मजा म्हणून करून बघा, ताडोबाच्या सफारीत त्याच्या भरवशावर राहू नका. तिथं वाघ रस्ता ओलांडायला जेमतेम काही सेकंद घेतो आणि रिटेक देत नाही.

घेण्याआधी

आता मुद्द्याचं. एफ/४ किंवा त्याहून उजळ लेन्स असेल, तर १.४ एक्स बिनधास्त घ्या. ७०-२०० एमएम एफ/२.८ असेल तर २ एक्सही चालतो, ४०० एमएम एफ/५.६ मिळते. लेन्स एफ/५.६ची असेल तर आधी बॉडी एफ/८ला चालते का ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि लेन्स ५५-२५० किंवा ७०-३००सारखी साधी झूम असेल, तर कंपनीचे कन्व्हर्टर त्यावर बहुधा बसतच नाहीत. त्यांचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं. जबरदस्ती केलीत तर काचेला काच लागेल आणि नुकसान दुप्पट.

दुसरा पर्याय तुमच्याकडे आत्ताच, फुकट आहे, तो म्हणजे क्रॉप! २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट कातरला तरी १२ मेगापिक्सेल उरतात. त्यातून १२ बाय ८ इंचांची प्रिंट आरामात निघते. फोकस वेगवान राहतो, आयएसओ वाढत नाही. २ पट कातरलं तर मात्र ६ मेगापिक्सेलच उरतात. तेव्हा कन्व्हर्टरचा विचार करावा, तोही लेन्स उजळ असेल तर.

आणि खरेदीआधी एक वीकेंड तो भाड्यानं घ्या. आपल्याच लेन्सवर, आपल्याच बॉडीवर, कन्व्हर्टर लावून आणि न लावता क्रॉप करून, एकाच पक्ष्याचे फोटो काढा. सोमवारी कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी ठेवून बघा.

कन्व्हर्टर आधीच घेतलाय?

● मधला एकच फोकस पॉइंट निवडा. तो सगळ्यात सक्षम असतो.
● फोकस ठळक कडेवर धरा. पक्ष्याचा डोळा, चोच, मानेची पाण्यासमोरची रेघ चालेल. सपाट राखाडी पंखावर लेन्स भटकणारच.
● विषयाच्या अंदाजे अंतरावर आधी हातानं फोकस आणून ठेवा. मग ऑटोफोकसला फक्त शेवटचं पाऊल टाकायचं असतं.
● लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर जवळचं अंतर बंद करा. निम्मं ‘झूं झूं’ तिथंच थांबेल.
● बसलेल्या पक्ष्यासाठी ट्रायपॉड आणि लाइव्ह व्ह्यू वापरा. डीएसएलआर तेव्हा मुख्य सेन्सरवरून फोकस करतो. सावकाश होतो, पण होतो.
● बॉडीत फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय असेल तर लेन्स आणि कन्व्हर्टरच्या जोडीसाठी ती वेगळी करा.
● कॅमेरा बंद करूनच कन्व्हर्टर लावा आणि कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडानं पुसा.
● ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. त्यानंतर आलेला धुरकट फोटो कन्व्हर्टरच्या नावावर खपवू नका!

आपल्याकडे आजी सांगायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. फोटोग्राफीत अंथरूण म्हणजे प्रकाश. तो पुरेसा असेल तर खुशाल ६०० एमएमपर्यंत पाय ताणा. नसेल तर होडीवाल्या मामांना सांगा, ‘जरा अलगद पुढे घ्या.’ पक्षी बिचकणार नाहीत इतपत जवळ गेलेल्या होडीनं जो रीच मिळतो, त्यात एकही स्टॉप जात नाही.