आपल्या धर्माची थट्टा आपण नाही तर कोण करणार?

धर्मातल्या माणसांची थट्टा करणारा श्रद्धावान असूच शकत नाही, असे हल्ली ठासून सांगितले जाते. एखाद्या महाराजांच्या थाटमाटावर कुणी चार ओळी लिहिल्या की भावना दुखावल्याचे निवेदन तहसीलवर पोचते. हे म्हणणे आपल्या परंपरेला धरून नाही, आणि धर्माच्या हिताचे तर मुळीच नाही.

अमेरिकेतले ‘बॅबिलॉन बी’ घ्या. अ‍ॅडम फोर्ड या ख्रिस्ती व्यंगचित्रकाराने २०१६ मध्ये ते सुरू केले. बातमी बनावट, तिच्यात दाखवलेला दोष मात्र खरा, ही त्याची रीत. ऑगस्ट २०१७ मध्ये ह्यूस्टन शहर पुरात बुडाले. जोएल ओस्टीन या गडगंज धर्मोपदेशकाच्या प्रचंड चर्चने पूरग्रस्तांना लगेच आसरा दिला नाही, अशी ओरड झाली. ‘बी’ने बातमी दिली : ओस्टीन आलिशान नौकेतून पुरात फिरून आपल्याच पुस्तकाच्या प्रती वाटत आहेत. लिहिणारे नास्तिक नव्हते, बायबल मानणारेच होते. देवाच्या नावाने सुबत्तेची हमी विकली जाते, याची त्यांना चीड होती.

ही रीत परकी म्हणून नाकारू नका. अहमदपूरच्या मातीत वीरशैव आणि वारकरी दोन्ही परंपरा मुरलेल्या आहेत. दगडाच्या नागाला दूध पाजणारे लोक जिवंत नाग दिसताच काठी उगारतात, हे बाराव्या शतकात बसवेश्वरांनीच सुनावले. पैठणच्या एकनाथांनी तर एका भारुडात भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी सून उभी केली. सासरा, सासू, एकेकाला वाटेतून दूर कर, असे ती देवीला विनवते. नवसामागचा स्वार्थ लोकांना हसता हसता दिसतो, आणि त्याच भारुडात विकारांतून सुटण्याची आसही भरलेली असते. देवळासमोर सोंगे घेऊन हे म्हटले जाते, तेव्हा कुणाची श्रद्धा ढळत नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात लक्ष्मीबाई टिळक आहेतच. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायला लावणाऱ्या वडिलांच्या सोवळ्याला हसतात, आणि धर्मांतराच्या काळातही न सुटलेल्या स्वतःच्या विटाळाच्या धास्तीलाही तितक्याच मोकळेपणाने हसतात.

यावर दुसरा आक्षेप येतो : घरातले दोष चव्हाट्यावर आणले की विरोधकांच्या हाती कोलीत मिळते. पण ते आधीच मिळालेले असते. बुवाबाजीची प्रकरणे अखेर पोलीस ठाण्यात उघडी पडतात, तेव्हा जाणारी अब्रू भारुडाने गेली असती त्याच्या कितीतरी पट असते.

तिसरा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. मोबाइलवर फिरणारी बनावट बातमी लोक खरी मानतात. ‘सीएनएनने बातम्या पिळण्यासाठी मोठे वॉशिंग मशीन घेतले’ या ‘बी’च्या २०१८ मधल्या विनोदालाही ‘स्नोप्स’ या तथ्यतपासणी संस्थेने खोटे ठरवले आणि फेसबुकने ताकीद दिली. ती चूक फेसबुकने नंतर कबूल केली. तरीही आपल्याकडे एका अफवेवरून गावे पेटली आहेत. म्हणून व्यंगावर व्यंग असे ठळक लिहिलेच पाहिजे. भारुडात सोंग समोर दिसते, तसे ते छापील मजकुरातही दिसावे.

आणि ‘बी’चे सगळेच मी उचलून धरणार नाही. पुढे त्याचा रोख आपल्या मंडळीवरून राजकीय विरोधकांकडे वळला. मार्च २०२२ मध्ये एका पारलिंगी महिला अधिकाऱ्याला ‘वर्षातील पुरुष’ ठरवणाऱ्या विनोदामुळे ट्विटरने त्याचे खाते बंद केले. खाते बंद करावे की नाही हा वेगळा वाद. पण ओस्टीनला बोलायला जे धैर्य लागते ते इथे लागत नाही. आपल्या गोटातल्या बलवानाला सुनावणे आणि बाहेरच्या अल्पसंख्य माणसाला हिणवणे यांना मी एका पंक्तीत बसवणार नाही.

थट्टा आणि अपमान यांतला फरक कायद्यालाही कळतो. भारतीय दंड संहितेत १९२७ मध्ये आलेले, धार्मिक भावना दुखावण्याबाबतचे २९५-अ कलम केवळ जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानासाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले. आज ते भारतीय न्याय संहितेत २९९ वे कलम आहे.

तेव्हा अहमदपूर तालुक्यातल्या सप्ताह समित्यांना माझे मागणे आहे. पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांबरोबर एक रात्र भारुडकाराला द्या, आणि विषय त्याचा त्याला निवडू द्या. मानधनाची बोली ठरवून मगच वीणा धरणाऱ्यांवर, रात्रभर कर्णे लावून आजाऱ्याची झोप मोडणाऱ्यांवर त्याला बोलायचे असेल तर बोलू द्या, आणि समितीने पहिल्या रांगेत बसून ते ऐकावे.