नोंद नाही, म्हणून गुन्हा नाही?

गुन्हा कशाला म्हणायचं, याचं एक तयार उत्तर वकिली पेशात असतं: कायद्यानं ज्याला शिक्षा सांगितली आणि कोर्टात जे शाबीत झालं, तो गुन्हा. बाकी सगळ्या वावड्या. अमेरिकी अभ्यासक पॉल टॅपन यांनी १९४७ मध्ये हीच बाजू हिरिरीनं मांडली. कोर्टानं दोषी ठरवलं नाही, तोवर कुणी गुन्हेगार नाही, असं ते म्हणत. पूर्वपक्ष भक्कम आहे आणि त्यामागचा हेतूही वाईट नाही. उठसूट कुणालाही गुन्हेगार म्हणणाऱ्यांना त्यानं चाप बसतो.

तो बुलढाणा जिल्ह्यात मात्र टिकत नाही.

२००६ साली खामगावात एका शेतकऱ्यानं सावकारीची तक्रार केली. ज्यांच्याविरुद्ध ती होती, ते स्थानिक आमदाराचे वडील. मुख्यमंत्र्यांच्या स्वीय सहायकाचा ठाण्यात फोन आला आणि त्याची नोंद ठाण्याच्या डायरीत राहिली. पुढं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत सूचना गेली, की या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा समितीपुढं ठेवाव्यात, सरकारी वकिलांचं मत घ्यावं आणि मगच काय ते ठरवावं. मुख्यमंत्री होते विलासराव देशमुख. शेतकरी हायकोर्टात गेला. हायकोर्टानं राज्य सरकारला २५ हजारांचा भुर्दंड लावला. ते पैसे मुकाट भरायचे सोडून सरकार अपिलात गेलं आणि १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तीच रक्कम १० लाख केली. भुर्दंड सरकारी तिजोरीतून, म्हणजे तक्रारदारानं भरलेला करही त्यात आलाच!

या निकालानं सावकाराला दोषी ठरवलं नाही. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता, कायद्यानं जिथं तपास सुरू व्हायला हवा तिथं कुणी दाराला कडी लावू शकतं का. टॅपन यांच्या व्याख्येत या कडीला जागाच नाही. तक्रार ठाण्यातच अडली तर खटला नाही, खटला नाही तर शाबिती नाही, आणि शाबिती नाही म्हणजे मुळात काही घडलंच नाही.

अवैध सावकारी चालते कशी, तेही पाहावं. पेरणी तोंडावर आलेली असते. जुनं कर्ज थकलेलं, म्हणून बँक नवं देत नाही. सावकार गहाणखत करत नाही, थेट खरेदीखतच करून घेतो. दुय्यम निबंधकापुढं शेतकरी सही करतो. पैसे फेडले की वावर परत, हा शब्द तेवढा तोंडी राहतो. फेरफार होतो, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. कागदात खोट सापडत नाही. टॅपन यांच्या व्याख्येला असला कागद फार आवडावा.

टॅपन यांचा वाद होता समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांच्याशी. प्रतिष्ठितांचे धंद्यातले गुन्हे हेही गुन्हेच, फक्त त्यांचा निवाडा फौजदारी कोर्टात होत नाही, असं सदरलँड १९३९ पासून सांगत होते. १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, ते कंपन्यांची नावं गाळून. नावांसकट आवृत्ती यायला १९८३ उजाडलं. त्यांच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता. त्यांची कसोटी साधी होती: समाजाला इजा झाली का, आणि कायद्यानं त्या कृत्याला शिक्षा सांगितली आहे का. खामगावला हीच कसोटी लागू पडते. कृत्य गुन्हा आहे की नाही हे कृत्यावरून ठरावं; अमुक माणूस दोषी आहे की नाही, हे कोर्टानं ठरवावं. टॅपन यांनी या दोन प्रश्नांची गाठ मारली, तिथंच घोळ झाला.

मग समाज ज्याला वाईट म्हणेल तोच गुन्हा, असं दुसरं टोक काहीजण गाठतात. तेही नको. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी पारध्यांच्या पालाकडं संशयानं पाहायची खोड गेलेली नाही. इथं इजेचा पत्ता नाही, कृत्याचा नाही, फक्त शिक्का आहे.

आणि कायद्याचा शब्द तरी किती न्यायी? कर्जापायी विष घेतलेला शेतकरी दवाखान्यात वाचला, तर दंड विधानाच्या ३०९ कलमानुसार तो आरोपी ठरे. वर्षभराची कैद होऊ शके. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ ला दंड विधानाच्या जागी नवी न्याय संहिता आली, तेव्हा ते कलम गळलं. तोवर विदर्भात बुडालेला शेतकरी कायद्याच्या लेखी गुन्हेगार होता आणि बुडवणाऱ्याविरुद्धची तक्रार समितीच्या फायलीत पडून राहू शकत होती.

पुढं ‘ललिता कुमारी’ खटल्यात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणं पोलिसांना बंधनकारक असल्याचं घटनापीठानं बजावलं. राज्यानं २०१४ चा सावकारी कायदा केला. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच पाच वर्षांमुळं एक फट मात्र उरते. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करायची मुभा नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं पोलिसांना दिली आहे, उपअधीक्षकांच्या परवानगीनं. ठाण्यात फोन वाजायला चौदा दिवस भरपूर होतात.