सभिकाचा दशमांश

‘निकाल कसे सुधारावेत’ हा आपल्या काळातला एक स्वतंत्र गद्यप्रकार आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पाहिलेच नाही हा आपला आळस आहे. परीक्षेचे निकाल, व्यापाराचे निकाल, वजनाचे निकाल. आणि या रांगेत गेल्या दशकभरात येऊन बसलेले, मोबाइलवरच्या लहानसहान पोकर स्पर्धांचे निकाल. प्रवेशशुल्क पन्नास-शंभर रुपये, टेबलाभोवती नऊ अदृश्य माणसे, आणि सोबतीला एक सल्लागार गद्य. हे गद्य खेळाडूला सांगते की तू हरतोस याचे कारण तुझे नशीब नव्हे, तुझे अपुरे कौशल्य आहे. कौशल्य वाढव, निकाल सुधारतील. प्रस्तुत लेखाचा वाद या वाक्याशी आहे. हे वाक्य खोटे आहे म्हणून नव्हे. ते बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

आधी त्यातले खरे मान्य करू. ‘जुगार तो जुगार, त्यात कसले आले डोके’ असे म्हणून हात झटकणारी आपली जी प्राध्यापकी नीतिमत्ता आहे, तिने पोकरचा एकही डाव समजून घेतलेला नसतो. नऊ खेळाडूंची एका टेबलाची स्पर्धा घ्या. प्रत्येकाचे ११० रुपये. त्यातले १०० बक्षिसाच्या रकमेत, १० चालवणाऱ्याला. बक्षिसाचे ९०० रुपये. पहिल्याला ४५०, दुसऱ्याला २७०, तिसऱ्याला १८०. आता चौघे उरले आहेत, चौघांपाशी चिप्स सारख्याच. प्रत्येकाच्या जागेची किंमत २२५ रुपये. एकाने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. तुम्ही तेवढ्याच लावायच्या की पत्ते टाकायचे? नवशिका म्हणतो, जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे, लावा. गणित म्हणते, थांबा. हरलात तर २२५ जातात. जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण जागेची किंमत दुप्पट होत नाही. कारण पहिल्या क्रमांकालाही सगळे ९०० मिळायचे नाहीत. ज्याच्यापाशी जितक्या चिप्स तितकी त्याची अव्वल येण्याची शक्यता, हे साधे गृहीतक धरले तर तुमच्या जागेची किंमत होते ३४५. म्हणजे १२० मिळवण्यासाठी २२५ पणाला. अशा वेळी जिंकण्याची शक्यता निम्मी असून भागत नाही, शेकडा ६५ लागते. आणि मौज अशी की ज्या दोघांनी काहीच केले नाही, नुसते पत्ते टाकून पाहत बसले, त्यांची जागा आपोआप साडेबावन्न रुपयांनी महागते.

हे कौशल्य नव्हे तर काय? सुरुवातीला संयम, चिप्स आटल्या की रेंगाळत न बसता सगळे लावणे किंवा सोडणे, बक्षिसाच्या उंबरठ्यावर दुसऱ्याला घाई करू देणे, शंभर स्पर्धांचे शुल्क बाजूला असल्याशिवाय न बसणे, प्रत्येक डावाची नोंद ठेवणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे निर्णयाची परीक्षा निकालावरून न करणे. या सल्ल्यात एकही शब्द चुकीचा नाही. योग्य निर्णय घेऊनही माणूस हरतो आणि मूर्खपणा करूनही जिंकतो, हे सत्य मराठी समीक्षेला पचवता आले असते तर पुरस्कारांच्या याद्या पाहून कादंबऱ्यांची प्रतवारी लावण्याची सवय आपल्याला लागलीच नसती.

आपल्या परंपरेलाही हे कौशल्य ठाऊक होते. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात ती केवळ सांत्वनासाठी नव्हे. द्यूतात राज्य घालवलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो; वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे क्षणात मोजून सांगतो; नल अश्वविद्येच्या बदल्यात त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो, आणि मग पुष्कराला हरवून राज्य परत मिळवतो. मोजणे येणे म्हणजे फासे येणे, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे नल आणि दमयंती मराठीत घरोघरी पोचली, पण त्या घरांत रेंगाळला तो हंस आणि ते स्वयंवर. बेहड्याखालचे अंकगणित विसरले गेले. कौशल्याचा मुद्दा पुढे करणाऱ्याने खरे तर हीच कथा साक्षीला काढायला हवी होती.

पण काढली असती तर फसलाच असता. कारण नल आणि पुष्कर यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता. एकाचे गेले ते दुसऱ्याला मिळाले. डावागणिक आपला हिस्सा काढून घेणारा अड्डेवाला त्या कथेत नाही. संस्कृतात जुगाऱ्याला कितव म्हणतात आणि अड्डेवाल्याला सभिक. आपले सारे नैतिक आणि ललित वाङ्मय कितवाभोवती फिरते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त हा कितवाचा विलाप आहे: बायको दुरावली, सासू तिरस्कार करते, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. सभिक मात्र पडद्याआड राहतो. त्याला रंगमंचावर खेचून आणले शूद्रकाने. ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांसाठी संवाहकाच्या मागे धावणारा माथुर हा सभिक आहे, आणि तो प्रवेश पाहताना आपल्याला पहिल्यांदा कळते की द्यूत हा दोन माणसांतला खेळ नसून तिघांतला व्यवहार आहे.

या तिसऱ्या माणसाचा हिशेब स्मृतिकारांनी चोख मांडून ठेवला आहे. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा ५ घेतो. याज्ञवल्क्य आणखी बारकाईने पाहतो: शंभराच्या किंवा त्याहून मोठ्या डावातून सभिकाने शेकडा ५ घ्यावेत, त्याहून लहान डावातून शेकडा १०. म्हणजे लहान खेळाडूकडून दुप्पट. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा हा दर वाचून वरच्या उदाहरणातले ११० रुपये पुन्हा पाहा: शंभरामागे दहा. लहान स्पर्धांत चालवणाऱ्याचा वाटा प्रमाणाने मोठा असायचाच, हे सूत्र मोबाइल येण्याआधी कितीतरी शतके लिहून ठेवलेले होते.

आता या दशमांशाने निकालांचे काय होते ते मोजू. इतरांइतकेच कौशल्य असलेला खेळाडू दर स्पर्धेला सरासरी १० रुपये गमावतो; शंभर स्पर्धांत हजार. केवळ बरोबरी साधायची तरी त्याला टेबलावरच्या सरासरी माणसापेक्षा एक दशमांशाने सरस असावे लागते. समजा तो आणखी सरस आहे, इतका की दर स्पर्धेमागे सरासरी ११ रुपये कमावतो. तरीही एका स्पर्धेतला चढउतार सुमारे १५५ रुपयांचा. शंभर स्पर्धांनंतरचा सुमारे १५५० चा. म्हणजे अकराशेच्या अपेक्षित कमाईभोवती साडेपंधराशेचे हेलकावे. हिशेब केला तर असे दिसते की असे चार कुशल खेळाडू शंभर स्पर्धा खेळले तर त्यांतला जवळपास एक तोट्यात असेल. आणि अगदी सामान्य चार खेळाडू खेळले तर त्यांतलाही जवळपास एक फायद्यात असेल. शंभर स्पर्धांनंतरही कुशल कोण आणि नशीबवान कोण हे खात्रीने सांगता येत नाही. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत तर हे हेलकावे याहून किती तरी मोठे. भरीस भर म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. दशमांशावर राजाचाही हात पडला.

सल्लागार गद्याची खरी चलाखी इथे आहे. फायद्यात असलेल्या त्या सामान्य खेळाडूला ते सांगते, पाहा, कौशल्य. तोट्यातल्या कुशलाला सांगते, धीर धर, अजून कौशल्य. कोणताही निकाल आला तरी उत्तर एकच: पुढची स्पर्धा. ज्या विधानाला कोणताच पुरावा खोटे ठरवू शकत नाही, ते ज्ञान नव्हे. ती पोथी आहे. आणि प्रत्येक पारायणाची दक्षिणा दहा रुपये.

‘कौशल्य’ या शब्दाला ही प्रतिष्ठा आली कोठून? गंमत म्हणजे त्याच्या मुळाशी आपलाच प्रांत आहे. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला हा १९५७ चा सर्वोच्च न्यायालयातला खटला वृत्तपत्रातल्या शब्दकोड्यांच्या बक्षीसस्पर्धांवरून उभा राहिला. जुगार हा संरक्षणास पात्र व्यापार नव्हे असे न्यायालयाने ठरवले, आणि त्याच वेळच्या सोबतच्या निकालात ज्यात यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे अशा स्पर्धा वेगळ्या काढल्या. पुढे १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. हे वाक्य नंतर हजार जाहिरातींनी मिरवले. त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की क्लबचा मालक पैशाच्या अशा खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. ते वाक्य कोणत्याही जाहिरातीत आले नाही. न्यायालयाला सभिक दिसला होता. वाचकांनी तो वगळला. पोकरबाबत तर न्यायालयांचेही एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. पण अर्धेच उद्धृत करून अर्थ फिरवण्याचे इतके ठळक उदाहरण पाठचिकित्सेच्या तासाला दुसरे सापडणार नाही.

नाशिक जिल्ह्याला हा विषय २०२५ च्या जुलैत फार जवळून भेटला. सिन्नरचे आमदार आणि तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातल्या मोबाइलवर विधान परिषदेत रमीसारखा खेळ दिसतो आहे, अशी चित्रफीत प्रसृत झाली. आपण खेळत होतो हे त्यांनी नाकारले; तरी त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांचे खाते बदलून त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. अक्षसूक्त कितवाला फासे टाकून शेती करण्याचा उपदेश करते. त्या जुलैत आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला, अशी कोटी तेव्हा कोणाही संस्कृतच्या विद्यार्थ्याला सुचली असती. परंतु खरी गोष्ट कोटीपलीकडची आहे. महिनाभर महाराष्ट्राने एका बोटाची चर्चा केली: ते पत्त्यावर टेकले की जाहिरात सरकवीत होते? पत्ते कोणी वाटले, दर डावामागे कोण किती घेतो, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. पुन्हा कितव; पुन्हा सभिक पडद्याआड.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्याने या प्रश्नापुरता मोडीत काढला. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, आणि खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले. कौशल्यावर हा अन्याय आहे, अशी तक्रार झाली. न्यायालयांत आव्हानेही गेली. बौद्धिक दृष्ट्या ही तक्रार निराधार नाही. कौशल्य खरेच आहे, ते वर मोजूनच दाखवले. तरीही मला या कायद्याची दिशा बरोबर वाटते. कारण त्याने शतकांची सवय मोडून बोट कितवावरून काढले आणि सभिकावर ठेवले. बुद्धिबळातही कौशल्य असते. पण प्रत्येक खेळीमागे कोणी दहा टक्के कापत असेल, तर चर्चा खेळीची नव्हे, कापणाऱ्याची व्हायला हवी.

यावर कोणी म्हणेल, मग विषय संपला. अ‍ॅपे बंद झाली, आता कशाला हा खटाटोप? अ‍ॅपे बंद होतात, गद्य बंद होत नाही. तेच वाक्य, तीच पोथी आता शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या दारात उभी आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या बाजारातल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यांच्या कानातही हेच सांगितले गेले होते की कौशल्य वाढवा. जिथे दहा रुपये होते तिथे दलाली आणि शुल्के आहेत. नाव बदलले, सभिक तोच.

म्हणून माझी तक्रार मोबाइलवर वाकलेल्या विद्यार्थ्याविषयी नाही. ती तुमच्या-माझ्या वर्गाविषयी आहे. आपण ‘मृच्छकटिक’ शिकवतो तेव्हा वसंतसेनेचे औदार्य आणि चारुदत्ताचे दारिद्र्य यांवर टिपणे देतो, दुसरा अंक विनोदी म्हणून पानभरात उरकतो. नलाख्यान शिकवतो तेव्हा शृंगार आणि करुण मोजतो, पाने-फळे मोजत नाही. याज्ञवल्क्य तर आपल्या अभ्यासक्रमात येतच नाही. मग विद्यार्थी ‘कौशल्य’ हा शब्द जाहिरातीतून शिकला तर दोष कोणाचा? ज्या वर्गात शब्दांचे अर्थ तपासायला शिकवायचे, तिथे हा शब्द कधी तपासलाच गेला नाही.

युधिष्ठिराची गोष्ट तिथे उपयोगी पडेल. बृहदश्वाकडून त्यालाही अक्षहृदय मिळाले. ती विद्या घेऊन तो पुन्हा शकुनीसमोर बसला नाही. विराटाच्या दरबारात कंक या नावाने त्याने ती पोटापुरती वापरली. खेळ उत्तम येऊ लागल्यावर कोणत्या सभेत बसायचे नाही हे त्याला कळले होते. लहान स्पर्धांतले निकाल सुधारण्याचा एवढाच एक खात्रीचा उपाय मला सापडला आहे, आणि त्याला प्रवेशशुल्क नाही.