१९५६ हा इतिहास नव्हे काय?

कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा... थंडी पडू लागली की सीमाभागात संमेलनांचा हंगाम सुरू होतो. ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळले जाते, दुपारी सारा गाव पंगतीला बसतो आणि सायंकाळी कथाकथन रंगते. ज्या भाषेला सरकारी फलकावर जागा मिळण्यासाठी भांडावे लागते, ती भाषा खेड्यातली माणसे स्वतःच्या वर्गणीतून अशी थाटात मिरवतात. या संमेलनांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पुढे जे लिहितो आहे ते म्हणूनच घरातल्या माणसाचे बोलणे समजावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका लेखनस्पर्धेचा मी परीक्षक होतो. विषय होता ‘ऐतिहासिक कथा’. आलेल्या बहुतेक कथांत तीच अमावस्येची रात्र, तोच घाट, त्याच टापा आणि शेवटी बुरुजावर फडकणारे निशाण. मुलांना मी दोष देत नाही. ज्याला बक्षीस मिळताना त्यांनी पाहिले तेच त्यांनी लिहिले. एक कथा मात्र वेगळी होती. नववीतल्या एका मुलीने आपल्या पणजीची गोष्ट लिहिली होती. सीमा सत्याग्रहात नवरा पकडला गेलेला. पणजी फडक्यात भाकरी-चटणी बांधून हिंडलग्याच्या तुरुंगापर्यंत पायी गेली. तो भेटीचा दिवस नव्हता. दारावरून परतताना तिने ती भाकरी तिथेच ताटकळत बसलेल्या एका कानडी बाईच्या लेकराला दिली. एवढीच कथा.

आम्ही तिघे परीक्षक. एक म्हणाले, “हे राजकारण आहे, इतिहास नव्हे.” दुसरे म्हणाले, “भाषा अशुद्ध आहे.” मी तोंडी हरकत घेतली आणि निकालपत्रावर सही केली. हरकत असेल तर ती लेखी नोंदवा, हे गेली तीस वर्षे मी पक्षकारांना बजावत आलो आहे. स्वतःच्या वेळी मला ते सुचले नाही. हा लेख म्हणजे उशिरा दाखल केलेली ती लेखी हरकत आहे.

पहिला आक्षेप ‘हा इतिहास नव्हे’ हा. मग इतिहास कुठे संपतो? स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरच्या मुलखात मेलरोज नावाचे छोटे गाव आहे. वॉल्टर स्कॉटचे घर तिथून जवळच. ऐतिहासिक कादंबरीचा हा जनक पेशाने वकील होता आणि सेल्कर्कशायरचा शेरीफ म्हणून न्यायदानाचे कामही करीत होता, हे मी थोड्या व्यावसायिक अभिमानाने नमूद करतो. त्याच्या नावाचा पुरस्कार २०१०पासून ऐतिहासिक कादंबरीला दिला जातो. रक्कम २५ हजार पौंड, आणि तो जाहीर होतो मेलरोजच्या सीमाप्रदेश ग्रंथोत्सवात. अट साधी आहे : कथानकाचा बहुतांश भाग किमान साठ वर्षांपूर्वी घडलेला असावा. हा आकडा स्कॉटच्या १८१४ सालच्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीच्या उपशीर्षकातून घेतला आहे. याच पुरस्काराच्या जोडीने ११ ते १९ वर्षे वयाच्या मुलांसाठीही ऐतिहासिक कथेची स्पर्धा घेतली जाते.

हे माप आपल्याला लावून पाहा. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार होऊन माणसे पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि आपण तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलो. या घटनांची साठी २०१६ सालीच उलटली. म्हणजे पणजीची ती भाकरी कोणत्याही गडकोटाइतकीच ऐतिहासिक आहे. तिला राजकारण म्हणून बाजूला सारणे म्हणजे आपलाच दावा आपणच काढून घेणे होय.

आणि दाव्याचेच बोलायचे तर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा प्रलंबित आहे. त्यात खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, खानेसुमारीचे आकडे असे सगळे येते; यायलाच हवे. पण तुरुंगाच्या दारावरून परतलेली बाई कोणत्याही दाव्याला पुरावा म्हणून जोडता येत नाही. न्यायालयाचे कामकाज तिच्यावाचून चालते. तिची नोंद ठेवणे हे कादंबरीचे काम आहे, आणि ते सीमाभागातल्या लेखकाने केले नाही तर पुण्या-मुंबईचा लेखक येऊन करील, ही आशा सोडून द्यावी.

याचा अर्थ गडकोटांच्या कादंबऱ्या नकोत, असा कोणी काढू नये. रणजित देसाई बेळगावच्या शेजारच्या कोवाडचे. त्यांची १९६२ची ‘स्वामी’ वाचून आमच्या घरातल्या बायका रडल्याचे मी पाहिले आहे. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ यशवंतराव होळकरांवर आहे आणि इंदूरच्या मराठी माणसाला ती घरची वाटते. माझा वाद या कादंबऱ्यांशी नाही. त्यांच्या दहाव्या नकलेला नारळ देण्याशी आहे.

आणखी एक नाव घेतो. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’, १८७१ची. तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे ‘विविधज्ञानविस्तारा’चे पहिले संपादक. त्यांचा जन्म जांबोटीचा. होय, खानापूर तालुक्यातली, चोर्ला घाटाच्या वाटेवरची जांबोटी. गोव्याकडे जाताना आपण जिथे चहाला थांबतो तीच. हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’ लिहिण्याच्या कितीतरी आधी या प्रकाराचा पाया आपल्या मुलखातल्या माणसाने घातला. पुढे हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या गळगनाथांनी कानडीत नेल्या आणि कानडी कादंबरीचा वाचक त्यांवर वाढला. हा सगळा व्यवहार याच सीमेवरून झाला आहे.

आता महाराष्ट्र शासनाकडे वळतो. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रौढ कादंबरीचा पुरस्कार हरिभाऊ आपट्यांच्या नावे आहे आणि राज्याबाहेरील मराठी लेखनासाठी सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार वेगळा ठेवला आहे. हेतू चांगलाच असेल. पण गोवा, बडोदे, हैदराबाद, ग्वाल्हेर, बेळगाव या साऱ्यांचे मिळून ते एक पान, आणि तेही ओसरीवर वाढलेले. गुंजीकर आज जांबोटीत राहून लिहीत असते तर मराठी ऐतिहासिक कादंबरीचा हा आद्यपुरुष पहिल्यांदा याच पानावर बसवला गेला असता. राज्याच्या सीमा वादग्रस्त आहेत असे न्यायालयात म्हणायचे आणि पुरस्काराच्या यादीत त्याच सीमा पक्क्या धरायच्या, हे वकील म्हणून मला पटत नाही.

भाषेचा आक्षेप तर मला अधिक बोचला. त्या मुलीची पणजी ‘येऊलालोय’, ‘जाऊलालोय’ असे बोलते, कारण बेळगावची माणसे असेच बोलतात. परीक्षकांना हवी होती ‘आज्ञा शिरसावंद्य महाराज’ ही मराठी, जी मुख्यतः रंगभूमीवर घडली. शिवकाळातली कागदपत्रे उघडून पाहा. फारसी शब्दांनी ती भरलेली आहेत, इतकी की त्यांना पर्याय देण्यासाठी ‘राज्यव्यवहारकोश’ रचावा लागला. वकील, फिर्याद, दावा, कैफियत हे माझ्या रोजच्या भाकरीचे शब्द त्याच काळाचे वारस आहेत. नाटकी मराठी शुद्ध आणि पणजीची खरी मराठी अशुद्ध, हा निवाडा कोणत्या कायद्याने?

लेखकभेटीच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यात. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ घेतात, तीन किस्से सांगतात आणि अंधार पडण्यापूर्वी परत निघतात. श्रोत्यांपैकी किती जणांनी पुस्तक वाचलेले असते? मे १९४६मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. लेखकांच्या मेळाव्याला या गावात एकेकाळी एवढे वजन होते. आज निदान एवढे करावे : पाहुण्यांचे पुस्तक महिनाभर आधी गावच्या वाचनालयात ठेवावे आणि भाषणाऐवजी तासभर त्यांना प्रश्न विचारावेत. यातले कागदपत्रांतून काय आले, कल्पनेतले काय, आणि कल्पना तिथेच का वापरली?

माझी सूचना अशी : गुंजीकरांच्या नावे ऐतिहासिक कथा-कादंबरीचा पुरस्कार सुरू व्हावा आणि तो जांबोटीतच दिला जावा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कोणाही मराठी लेखकाला तो खुला असावा. साठ वर्षांची अट स्कॉटकडून उसनी घ्यावी. लेखकाने शेवटी दोन पाने जोडून आधार कोणते आणि रचलेले काय ते सांगावे. मोडी दप्तर, सातबारा, आजीची आठवण, काहीही चालेल. बोलीतले संवाद हे गुण कापण्याचे कारण असू नये. शाळकरी मुलांचा गट वेगळा ठेवावा. परीक्षकांनी आपला भिन्न मताचा अभिप्राय लेखी द्यावा आणि तो निकालासोबत छापावा.

नियमांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. तो वाचून कोणी फाडून नव्याने लिहिला तरी चालेल. पहिल्या वर्षीचा खर्च वर्गणीतून निघेल. माझी वर्गणी मी बाजूला काढली आहे. परीक्षक म्हणून मात्र मला बोलावू नये.